हाय-फॅट डाएट करताय? मग एलडीएल खाली ठेवण्यासाठी फायबर नेमकं कोणतं, किती आणि कसं घ्यायचं

किटो किंवा लो-कार्ब, म्हणजे कार्ब कमी आणि फॅट जास्त असलेलं डाएट, सुरू केलं की पहिले काही महिने बहुतेकांचे छान जातात, वजन उतरतं, शुगर आटोक्यात येते, ट्रायग्लिसराईड (रक्तातलं एक प्रकारचं फॅट) खाली येतात. आणि मग लिपिड प्रोफाइलचा (रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि फॅटच्या तपासणीचा) रिपोर्ट हातात पडतो आणि त्यात एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, चांगलंच वर गेलेलं दिसतं. सगळ्यांचं जात नाही, पण बऱ्याच जणांचं जातं. काही जण घाबरून डाएटच सोडतात, काही जण रिपोर्टकडे चक्क दुर्लक्ष करतात, आणि बाकीच्यांना कोणीतरी सांगतं की "फायबर वाढव, सगळं ठीक होईल". मग ते गव्हाचा कोंडा आणतात, सॅलड दुप्पट करतात, तीन महिने मनापासून करतात आणि पुढच्या रिपोर्टमध्ये फरक जवळपास शून्य.

हे वाईट वाटण्यासारखं आहे कारण मेहनत खरी असते, फक्त फायबर चुकीचं निवडलेलं असतं. फायबरने एलडीएल कमी होतं हे नीट सिद्ध झालेलं आहे, पण ते करणारं फायबर एका ठराविक जातीचं आहे, ते एका ठराविक मार्गाने काम करतं, आणि त्याची एक मर्यादा आहे. या तीन गोष्टी कळल्या की बाकीचं सोपं आहे, म्हणून लेखातला मोठा भाग त्यांच्यावरच आहे.

पायरी १: आधी रिपोर्ट, मग प्रयोग

फायबर सुरू करायच्या आधीचा रिपोर्ट नसेल तर नंतर काही कळणार नाही, म्हणून पहिलं काम लिपिड प्रोफाइल. त्यात चार आकडे असतात: टोटल कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल), ट्रायग्लिसराईड. पाचवा आकडा स्वतः काढायचा, टोटलमधून एचडीएल वजा करायचं, त्याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि हाय-फॅट डाएटवर असलेल्यांसाठी तो फार कामाचा आहे कारण धमन्यांना त्रास देणारे सगळे कण त्यात येतात. परवडत असेल तर एपोबी (या कणांची संख्या सांगणारी रक्तचाचणी) पण करून घ्या.

एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, तो सूत्राने काढतात, १९७२ सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराईडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराईड ४००च्या वर असतील तर हे सूत्र चालत नाही. अशा वेळी थेट मोजलेला एलडीएल मागायचा किंवा नॉन-एचडीएल बघायचं.

या लेखातले आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचा रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर कोलेस्टेरॉलला ३८.७ ने आणि ट्रायग्लिसराईडला ८८.६ ने गुणा.

आणि हो, वजन झपाट्याने उतरत असतानाचा रिपोर्ट फार विश्वासाचा नसतो, त्या काळात कोलेस्टेरॉल तात्पुरतं वर-खाली होतं. वजन काही आठवडे स्थिर राहिलं की मग तपासा.

इथेच दोन ठिकाणी थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं, प्रयोग करत बसायचं नाही. एक, एलडीएल १९० किंवा जास्त असेल तर, कारण त्यामागे आनुवंशिक कारण असू शकतं आणि तिथे फायबर पुरत नाही. दोन, ट्रायग्लिसराईड ५०० किंवा जास्त असतील तर, कारण तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो आणि हाय-फॅट जेवण स्वतःहून करणं धोक्याचं आहे.

पायरी २: फायबर एलडीएल कसं कमी करतं हे एकदा समजून घ्या

ही पायरी सोडून पुढे जाऊ नका प्लीज, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावर आहे.

आपलं लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल बनवतं. फॅट असलेलं जेवण पोटातून पुढे सरकलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त आतड्यात येतं, त्यातली पित्ताम्लं फॅटचे बारीक थेंब करतात म्हणजे मग ते पचतं. काम झालं की ही पित्ताम्लं वाया जात नाहीत, साधारण ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषली जातात आणि लिव्हरकडे जातात, पुन्हा वापरली जातात. दिवसातून अनेकदा हे चक्र फिरतं.

आता जेवणाबरोबर असं फायबर गेलं की जे पाणी धरून घट्ट चिकट जेल बनवतं, तर या जेलमध्ये पित्ताम्लं अडकतात, परत शोषली जात नाहीत, शौचावाटे बाहेर पडतात. लिव्हरला तुटवडा जाणवतो, नवीन पित्ताम्लं बनवायला कच्चा माल लागतो, तो कच्चा माल म्हणजे कोलेस्टेरॉल, म्हणून लिव्हरच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातून एलडीएल ओढून घेतात. रक्तातला आकडा खाली येतो. कोलेस्टायरामिन नावाचं जुनं औषध याच मार्गाने काम करतं, फक्त त्याने काही लोकांचे ट्रायग्लिसराईड वाढतात, इसबगोलने सहसा तसं होत नाही.

म्हणजे फायबर "फॅट शोषून घेतं" किंवा "धमन्या साफ करतं" असं जे म्हटलं जातं ते खरं नाही. ते पित्ताचं चक्र तोडतं. आणि हाय-फॅट डाएटवर पित्त जास्त वाहतं, म्हणून फायबर कधी घ्यायचं याला अर्थ येतो, ते पुढे येईलच.

जेल बनत नसेल तर यातलं काही होत नाही. गव्हाचा कोंडा, भाज्यांच्या साली, सेल्युलोज, याला आपण चोथा म्हणतो, तो पोट साफ करायला उत्तम आहे, किटोवर बद्धकोष्ठ होतं त्यात खूप मदत होते, पण एलडीएलवर त्याचा परिणाम नगण्य. आणि फक्त "विरघळणारं" असून पण भागत नाही. इन्युलिन, व्हीट डेक्स्ट्रिन, हायड्रोलाइझ्ड ग्वार हे सगळे पाण्यात विरघळतात पण घट्ट होत नाहीत, पाणी पाण्यासारखंच राहतं. आतड्यातल्या बॅक्टेरियांना ते आवडतात, त्याचे वेगळे फायदे असतील, एलडीएलसाठी मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. फायबर बार, फायबर गमी, "किटो फ्रेंडली" बिस्किटं, यात बहुतेक वेळा हेच असतं.

पायरी ३: योग्य फायबर निवडा

घरी एक साधी चाचणी करता येते. अर्ध्या ग्लास पाण्यात एक चमचा फायबर टाका, ढवळा, दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा. घट्ट, चमच्याला लोंबणारं झालं तर उपयोगाचं, पातळच राहिलं तर नाही. ही चाचणी ढोबळ आहे पण पावडरच्या डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा जास्त खरं सांगते.

पुरावा सगळ्यात भक्कम कशाचा, तर इसबगोलचा भुसा, आणि ओट्स-बार्लीमधलं बीटा-ग्लुकन नावाचं जेलवालं फायबर. अमेरिकेच्या एफडीएने १९९७ मध्ये ओट्ससाठी आणि १९९८ मध्ये इसबगोलसाठी पाकिटावर हृदयविकाराच्या धोक्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, अट अशी की दिवसाला ओट्समधून किमान ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन किंवा इसबगोलमधून ७ ग्रॅम विरघळणारं फायबर मिळायला हवं. ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स किंवा ४० ग्रॅमच्या आसपास ओट ब्रॅन (ओट्सचा कोंडा). आणि ७ ग्रॅम म्हणजे साधारण १० ग्रॅम इसबगोल.

इथे हाय-फॅटवाल्यांची अडचण येते. ७५ ग्रॅम ओट्समध्ये पचणारे कार्ब चाळीस ग्रॅमच्या वर जातात, कडक किटोवर दिवसाचा कोटाच २० ते ५० ग्रॅम असतो, म्हणजे एका वाटीत दिवस संपला. त्यामुळे कडक किटोवर असाल तर माझं सरळ मत आहे, इसबगोल हाच मुख्य आधार धरा, त्यात पचणारे कार्ब जवळपास नसतात. त्याच्या जोडीला अ‍ॅव्होकाडो (शंभर ग्रॅममध्ये साधारण ६.७ ग्रॅम फायबर आणि पचणारे कार्ब दोनच ग्रॅम), दळलेलं जवस, चिया, भेंडी, वांगी, ब्रोकोली, बदाम. यातलं सगळं फायबर जेलवालं नाही, बराच भाग चोथाच आहे, पण थोडं थोडं मिळून भर पडते आणि बदाम-अ‍ॅव्होकाडोमधलं फॅट स्वतःच एलडीएलला चांगलं आहे.

लो-कार्ब थोडं सैल असेल, म्हणजे दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम कार्ब चालत असतील, तर निवड खूप मोठी होते आणि खरं सांगायचं तर काम सोपं होतं. ओट ब्रॅन, बार्ली, राजमा, चणे, मसूर, सगळं बसतं. डाळी-कडधान्यांवर २६ चाचण्यांचं एक एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये आलं होतं, त्यात दिवसाला १३० ग्रॅम म्हणजे साधारण पाऊण कप शिजवलेली कडधान्यं खाऊन एलडीएल सुमारे ५ टक्के कमी झालं होतं. फक्त फायबरच्या लोभापायी ज्यांची शुगर कार्बमुळे उसळते त्यांनी हे वाढवू नका, आधी शुगर बघा.

कोंजॅक नावाच्या कंदापासून मिळणारं ग्लुकोमॅनन हे फायबर पण चांगलं काम करतं, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने कोलेस्टेरॉलसाठी दिवसाला ४ ग्रॅमचा दावा मान्य केलेला आहे. पण ते भयंकर वेगाने फुगतं, गोळीच्या रूपात घशात अडकण्याचा धोका असतो, त्यामुळे घ्यायचंच तर कोंजॅकच्या शेवया खा, कोरड्या गोळ्या नको.

प्रक्रियेबद्दल एक. ओट्समधलं बीटा-ग्लुकन जितकं अखंड तितकं जेल घट्ट. कारखान्यात जास्त उष्णता आणि दाबातून गेलेल्या ओट सिरियलमध्ये त्याचे रेणू तुटतात आणि तेवढ्याच ग्रॅमला परिणाम निम्म्याहून कमी होऊ शकतो, हे चाचणीत दिसलेलं आहे. म्हणून कुरकुरीत फुलवलेले गोळे-चक्र्या नको, साधे रोल्ड ओट्स किंवा ब्रॅन घ्या.

पायरी ४: सध्या किती खाताय ते मोजा

तीन दिवस जे खाताय ते लिहून काढा, एखाद्या अ‍ॅपमध्ये टाका, फायबरचा रकाना बघा. लोकांना वाटतं त्यापेक्षा आकडा बराच कमी निघतो, कारण अंडी, चीज, मांस, बटर, तेल, क्रीम यात फायबर शून्य असतं आणि हाय-फॅट ताटात जास्त जागा हेच घेतात. एकूण लक्ष्य २५ ते ३५ ग्रॅम ठेवा, त्यातलं ७ ते १० ग्रॅम जेलवालं. यापेक्षा जास्त हाणून काही मोठा फायदा नाही.

पायरी ५: हळूहळू वाढवा, पाण्याबरोबर, आणि फॅटवाल्या जेवणाला जोडून

पहिल्याच दिवशी १० ग्रॅम इसबगोल घेतलं की पोट फुगणार, गॅस होणार, आणि दोन दिवसांत माणूस सोडून देणार. असं करा. पहिला आठवडा दिवसातून एकदा ३ ग्रॅम, सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर. दुसरा आठवडा ३ ग्रॅम दोनदा. तिसऱ्या आठवड्यात ५ ग्रॅम दोनदा, आणि इथेच थांबा. पोट कुरकुर करत असेल तर त्याच पायरीवर आणखी एक आठवडा काढा, घाई नाही.

मोजायला चमचा नाही, किचनचा वजनकाटा वापरा. अख्खा भुसा हलका असतो आणि पावडर जड, त्यामुळे एकच चमचा दोन्हीत दुप्पट फरक दाखवतो.

पाणी हा चेष्टेचा विषय नाही. प्रत्येक डोसबरोबर किमान २४० मिली, म्हणजे एक मोठा ग्लास, लगेच ढवळून लगेच प्यायचं, वरून अजून थोडं पाणी. कोरडं तोंडात टाकून गिळायचं नाही, झोपायच्या आधी आडवं पडून घ्यायचं नाही. अन्ननलिकेत अडकल्याच्या घटना खऱ्या आहेत, आणि गिळायला त्रास होणाऱ्या माणसाने तर हे घ्यायलाच नको.

आता वेळ. पित्त जेवणाबरोबर येतं, म्हणून जेल तेव्हा तिथे हजर पाहिजे. जेवणात मिसळून किंवा जेवायच्या अगदी आधी घेतलेलं इसबगोल कामाला येतं, दोन जेवणांच्या मधे रिकाम्या पोटी घेतलेल्याचा परिणाम कमी पडतो. बरेच लोक रात्री झोपताना घेतात कारण सकाळी पोट साफ होतं, त्यासाठी ते बरोबर आहे, पण एलडीएलसाठी वेळ बदला आणि ज्या जेवणात फॅट सगळ्यात जास्त त्याला जोडा. दिवसात दोनच जेवणं असतील तर दोन्हीला निम्मं निम्मं.

पायरी ६: फॅटचा प्रकार बदला, नाहीतर फायबरची कमाई तिथेच खर्च होईल

या पायरीला लोक सगळ्यात जास्त विरोध करतात, म्हणून आकडे मांडतो.

१९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ६७ नियंत्रित चाचण्या एकत्र करून बघितल्या, विरघळणाऱ्या फायबरच्या प्रत्येक ग्रॅममागे एलडीएल साधारण २.२ ने कमी होतं असं निघालं, दिवसाला २ ते १० ग्रॅमच्या टप्प्यात. इसबगोलवरचं २०१८ चं विश्लेषण बघितलं, २८ चाचण्या, रोज १० ग्रॅमच्या आसपास, तर घट साधारण १३. म्हणजे सगळं नीट केलं तर फायबरकडून १३ ते २० अपेक्षा ठेवा, काहींना कमी, काहींना जास्त.

आता दुसरी बाजू. एका टेबलस्पून बटरमध्ये, म्हणजे १४ ग्रॅममध्ये, साधारण ७ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे एलडीएल वाढवणारं फॅट, असतं. तेवढ्याच ऑलिव्ह ऑइलमध्ये २ ग्रॅम. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने एक टेबलस्पून बटरच्या जागी ऑलिव्ह ऑइल घेतलं तर फॅटच्या अदलाबदलीच्या अभ्यासांवरून एलडीएल साधारण ४ ने खाली येईल असा हिशोब निघतो. उलट करा. रोज चार टेबलस्पून बटर खाल्लं, कॉफीत दोन, भाज्यांवर एक, अंड्यात एक, तर ऑलिव्ह ऑइलच्या तुलनेत सोळाच्या आसपास वर. तुमच्या १० ग्रॅम इसबगोलची सगळी कमाई संपली! हिशोब ढोबळ आहे, माणसागणिक फरक पडतो, पण दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत हे लक्षात ठेवा.

डाएट हाय-फॅटच राहू द्या, त्याला कोणी हात लावत नाही, फक्त फॅट कुठून येतं ते बदला. बटर, तूप, क्रीम, खोबरेल तेल, चरबीदार प्रक्रिया केलेलं मांस हे कमी, आणि ऑलिव्ह ऑइल, अ‍ॅव्होकाडो, बदाम-अक्रोड, जवस, फॅटी मासे हे जास्त. खोबरेल तेलाबद्दल खूप प्रेम दिसतं पण सॅच्युरेटेड फॅटच्या बाबतीत ते बटरच्याही पुढे आहे आणि इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल वाढवतं. चीजचं थोडं वेगळं आहे, तेवढंच फॅट बटरमधून घेतलं त्यापेक्षा चीजमधून घेतल्यावर एलडीएल कमी वाढतं, म्हणून दोन्हीपैकी एक सोडायचं तर बटर सोडा.

कॉफीचं पण बघा. उकळलेली किंवा फ्रेंच प्रेसची, म्हणजे कागदी फिल्टरमधून न गेलेली कॉफी दिवसाला चार-पाच कप होत असेल तर त्यातलं कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य एलडीएल वाढवतं. कागदी फिल्टर लावला की ते बहुतेक निघून जातं. बटर घातलेली न गाळलेली कॉफी म्हणजे दोन्ही बाजूंनी फटका.

टोरांटो विद्यापीठाच्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या टीमने २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात जेलवालं फायबर, बदाम, सोया प्रोटीन आणि वनस्पती स्टेरॉल (वनस्पतींमधलं कोलेस्टेरॉलसारखं द्रव्य) हे चार एकत्र दिले, तेही सॅच्युरेटेड फॅट कमी ठेवून. महिन्याभरात एलडीएल साधारण २९ टक्के खाली आलं, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) घेणाऱ्या गटात ३१ टक्के. एकट्या फायबरने हे कधीच झालं नसतं.

ट्रायग्लिसराईडचं काय

इथे स्पष्ट सांगायला हवं, फायबर हे ट्रायग्लिसराईडचं मुख्य हत्यार नाही. उपाशीपोटी मोजलेले ट्रायग्लिसराईड लिव्हर बनवतं आणि ते वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे साखर, मैदा, दारू, पोटावरची चरबी. लो-कार्बवर ते बहुतेकांचे आपोआप उतरतात, फायबर असो वा नसो. मधुमेह असलेल्या १३ जणांवरचा एक छोटा प्रयोग २००० साली आला होता, त्यात रोज ५० ग्रॅम फायबर खाऊन ट्रायग्लिसराईड दहा टक्क्यांनी उतरले होते, पण ५० ग्रॅम हे फार झालं आणि तो आहार हाय-फॅट नव्हता.

जेवणानंतरचे ट्रायग्लिसराईड ही वेगळी गोष्ट. फॅटवाल्या जेवणानंतर तीन-चार तासांनी ते सगळ्यात वर असतात, हे नैसर्गिक आहे, म्हणूनच रिपोर्टच्या आधी १० ते १२ तास काही न खाता जायचं. जेलमुळे पचन संथ होतं त्यामुळे हा चढ थोडा पसरट होऊ शकतो, पण त्यावर योजना आखू नका.

जर तुमचा आहार हाय-फॅट आहे आणि साखर-मैदाही चालूच आहे, तर तिथे एलडीएल आणि ट्रायग्लिसराईड दोन्ही चढतात आणि कितीही इसबगोल घेतलं तरी ते आधी थांबवावं लागेल. हे मिश्रण सगळ्यात वाईट.

पायरी ७: गोळ्या चालू असतील तर

जेल औषधं पण अडकवू शकतं. थायरॉइडची गोळी, हृदयाची काही औषधं, लिथियम, शुगरच्या गोळ्या, यांची वेळ इसबगोलपासून दूर ठेवा, औषध किमान एक तास आधी किंवा दोन ते चार तासांनंतर, आणि तुमच्या डॉक्टरांना सांगून. शुगरची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर कमी पडू शकते, सुरुवातीला जास्त वेळा तपासा.

स्टॅटिन चालू असेल तर ते फायबरच्या भरवशावर बंद करू नका. पण दोन्ही मिळून चांगलं काम करतात, २००५ च्या एका चाचणीत १० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन आणि रोज १५ ग्रॅम इसबगोल यांनी २० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिनइतकंच एलडीएल उतरवलं होतं. डोस वाढवायची वेळ आली असेल तर डॉक्टरांशी हे नक्की बोला.

आतडं अरुंद झालेलं असेल, आतड्यात अडथळा झाला असेल, पोट रिकामं व्हायला फार वेळ लागतो असा आजार असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

एक दिवस असा जाऊ शकतो

कडक किटोसाठी: सकाळी अंडी ऑलिव्ह ऑइलमध्ये, सोबत अर्धा अ‍ॅव्होकाडो, आणि बसायच्या आधी ५ ग्रॅम इसबगोल मोठ्या ग्लासात. दुपारी पालेभाजी आणि ब्रोकोली भरपूर, मासा किंवा पनीर, वरून दोन टेबलस्पून ताजं दळलेलं जवस (अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं, दळायचं). मधे मूठभर बदाम. रात्री भेंडी किंवा वांगं, आवडीचं प्रोटीन, त्याआधी पुन्हा ५ ग्रॅम इसबगोल, आणि एक टेबलस्पून चिया भिजवून. एकूण तीस ग्रॅमच्या वर फायबर सहज होतं आणि पचणारे कार्ब वीस-पंचवीसच्या आसपास राहतात.

सैल लो-कार्बवर सकाळचं इसबगोल काढून ४० ग्रॅम ओट ब्रॅन टाका, दुपारी अर्धी वाटी राजमा किंवा चणे, रात्रीचं इसबगोल ठेवा. एवढंच.

पायरी ८: पुन्हा तपासणी आणि आकडे कसे वाचायचे

पूर्ण डोसवर आल्यापासून आठ ते बारा आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, तसंच उपाशीपोटी, वजन स्थिर असताना. मधल्या काळात एका वेळी एकच गोष्ट बदलली असेल तर कशाने काय झालं ते कळतं, म्हणून जमत असेल तर आधी फायबर, पुढच्या टप्प्यात बटर. एलडीएल आधीच खूप वर असेल तर एवढं थांबू नका, दोन्ही एकदम करा.

पाच-सात टक्क्यांच्या फरकावर आनंदही नको आणि दुःखही नको, तेवढा चढउतार काहीही न बदलता पण होतो. एलडीएल १५० वरून १३५ वर आलं, नॉन-एचडीएल पण तेवढंच उतरलं, तर फायबर काम करतंय. एचडीएल हलणार नाही, ते फायबरचं काम नाही. एलडीएल जागचं हललंच नाही तर तीन गोष्टी तपासा: इसबगोल खरंच वजन करून १० ग्रॅम होत होतं का, जेवणाबरोबर घेत होतात का, आणि सॅच्युरेटेड फॅट दिवसाला किती ग्रॅम जात होतं.

आणि काही लोक, विशेषतः सडपातळ आणि खूप व्यायाम करणारे, किटोवर एलडीएल २०० च्या पुढे, एचडीएल ८० च्या वर आणि ट्रायग्लिसराईड ७० च्या खाली असा नमुना दाखवतात. अशांनी इसबगोलचे पंधरा-वीस आकडे उतरवून समाधान मानू नका. यांच्यात दिवसाला थोडे कार्ब परत आणल्यावर एलडीएल झपाट्याने उतरल्याची उदाहरणं प्रसिद्ध झालेली आहेत, पन्नास ते शंभर ग्रॅम कार्ब, तेही राजमा, ओट्स, बेरी, फळं यांतून, म्हणजे फायबरही त्यातच येतं. हे डॉक्टरांना सांगून करा आणि सहा आठवड्यांनी परत रक्त द्या.

आकडा उतरला म्हणून डोस बंद करू नका, पित्ताचं चक्र पुन्हा पूर्ववत होतं आणि काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी परततं. प्रवासाला जाताना इसबगोलच्या पाच-पाच ग्रॅमच्या छोट्या पुड्या करून बॅगेत टाका, बाहेरच्या जेवणात बटर-क्रीम जास्त असतं आणि नेमकं तेव्हाच ते घरी राहतं.